तिमाही रिपोर्टमध्ये नक्की काय मोजायचं? (विधिसंघर्षग्रस्त मुलं, ठाणे जिल्हा)

घणसोलीची_मुक्ता:
नमस्कार, एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्य) दुसऱ्या वर्षाला आहे, फिल्डवर्क एका संस्थेत चालूय (नाव नको). ज्या मुलांवर गुन्ह्याचा आरोप आहे आणि केसेस बाल न्याय मंडळात आहेत त्यांच्या घरी जायचं, शाळेत परत घालता येतं का बघायचं, मंडळाच्या तारखेला भिवंडीला सोबत जायचं, असं काम. आता तिमाही रिपोर्ट माझ्या गळ्यात पडलाय. जुने काढून बघितले तर सगळ्यांत तेच, गृहभेटी इतक्या, समुपदेशन सत्रं इतकी, पालक मेळावा एक, खाली चार फोटो. संस्थेतल्या मॅडम म्हणतात मागच्या वेळेपेक्षा आकडा वाढला की झालं. पण दिघ्यातल्या एका घरी आम्ही सहा वेळा गेलो, त्यात चार वेळा दाराला कुलूप, आणि त्या चारही भेटींत धरल्यात! काम सुधारतंय की नाही हे कशावरून कळतं मग?

जुना_परिवीक्षावाला:
दिघ्याच्या मुलाबद्दल एवढंच पुरे, पुढे काही लिहू नकोस. ओळख पटेल असं काही बाहेर गेलं तर बाल न्याय कायद्याचं कलम ७४ लागतं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आता मुद्द्याचं. भेटी मोजू नकोस, दिवस मोज. त्याच २०१५ च्या कायद्यात मुदती दिल्यात. मुलाला ताब्यात घेतल्यापासून दोन आठवड्यांत सामाजिक तपास अहवाल मंडळाकडे गेला पाहिजे (मुलाच्या घरची, शाळेची परिस्थिती सांगणारा; आपण एसआयआर म्हणतो तो, मतदारयादीवाला नव्हे). मंडळापुढे पहिल्यांदा उभं केल्यापासून चार महिन्यांत चौकशी संपवायची, वाढवून मिळाली तर आणखी दोन महिने, आणि किरकोळ गुन्ह्यात तेवढ्यातही संपली नाही तर कार्यवाहीच बंद होते. प्रलंबित केसेसचा आढावा दर तीन महिन्यांनी मुख्य न्यायदंडाधिकारी घेतात, जिल्हाधिकाऱ्यांकडेही तिमाही माहिती जाते, त्यामुळे वरचे लोक हाच हिशोब मागतात आणि आपण त्यांना मेळाव्याचे फोटो पाठवतो. एक कर, फायली घे आणि प्रत्येकीत ताब्याची तारीख आणि अहवालाची तारीख शेजारीशेजारी लिही, मग मधले दिवस. सरासरी काढू नकोस, दोन-दोन दिवसांत झालेल्या दहा केसेस एक रखडलेली झाकतात. सगळ्यात जुनी पडलेली फाईल कुठली ते आधी बघ.

ऐरोली_सेक्टर८:
माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये एका कौन्सिलच्या (आपल्या महापालिकेसारखं) युथ जस्टिस टीममध्ये, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या मुलांसोबत काम करणाऱ्या टीममध्ये आहे म्हणून थोडं माहितीय. तिथल्या १९९८ च्या कायद्याने त्या टीम झाल्या, एकाच टीममध्ये पोलीस, प्रोबेशन, आरोग्य, शिक्षण आणि कौन्सिलची माणसं. वर्षानुवर्षं मुख्य तीनच आकडे बघायचे, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेली मुलं किती, पुन्हा गुन्हा किती जणांनी केला, आणि कोठडीत किती गेली. एप्रिल २०२३ पासून आणखी दहा आले, मुलगा शाळेत किंवा कामाला आहे का, राहायला बरी जागा आहे का, मानसिक आरोग्य, व्यसन वगैरे. त्यात एक भारी आहे, टीमवरच्या देखरेख मंडळाच्या मीटिंगला मोठे अधिकारी स्वतः येतात का हेही मोजतात 😄 आपल्याकडे सुरू करा बघू! शिवाय इन्स्पेक्टर येऊन फायली तपासतात, कामाला उत्कृष्ट ते अपुरं असे चार दर्जे देतात.

पण ती म्हणते पुन्हा गुन्ह्याचा आकडा फार शिळा येतो, एक वर्ष वाट बघायची, वर केस कोर्टात निकाली निघायला सहा महिने, तोवर टीममधली अर्धी माणसं बदललेली. आणि मुलं कमी असली की पाचातलं एक घसरलं तर लगेच वीस टक्के, त्यावरून काय ठरवणार. तिच्या टीममध्ये खरा फरक पडतो तो एकमेकांच्या फायली वाचून, महिन्यातून एकदा बसतात, मुलगा स्वतः काय म्हणाला ते फाईलमध्ये कुठे दिसतंय का एवढंच शोधतात.

कळवा_नाका:
सगळं बरोबर पण रिपोर्ट वाचतं कोण? फंडिंगवाल्याला मेळाव्याचा फोटोच लागतो.

जुना_परिवीक्षावाला:
फोटो लावा की, दिवसांचा तक्ता त्याच्या खाली लावा. आणि मुक्ता, पुन्हा गुन्ह्याच्या मागे लागू नकोस, बहुतेक केसेसमध्ये अपिलाची मुदत संपली की रेकॉर्ड नष्ट करायचं असतं, कलम २४, आपण वेगळी यादी ठेवून बसलो तर पोराच्या कपाळावर शिक्का मारल्यासारखंच झालं. त्यापेक्षा केस संपल्यावर सहा महिन्यांनी विचारायचं, काय करतोस बाबा? शाळा, आयटीआय, कामधंदा, काही नाही.

घणसोलीची_मुक्ता:
दोन दिवस बसून चौदा फायली लावल्या. पाचांत अहवालाची तारीखच नाही. दोघांचे अहवाल जवळपास शब्दाला शब्द सारखे, फक्त नाव आणि वडिलांचा धंदा बदललाय, एकात तर तोही बदलायचा राहिलाय. नंतर काय करतोस ते विचारायला सहा फोन लावले, तीन बंद, एक भलत्याच माणसाला लागला. मॅडम म्हणाल्या, तक्रार नाही म्हणजे ठीक आहेत, "सुधारले" मध्ये टाक.

जुना_परिवीक्षावाला:
टाकू नकोस. "पत्ता लागला नाही" असा वेगळा रकाना कर आणि चार लिही. पुढच्या तिमाहीत तो चारचा दोन झाला तर ती सुधारणा. आणि पुढच्या वेळी फाईल उघडतानाच आईचा, मामाचा आणि किराणावाल्याचा असे तीन नंबर घे, किराणावाल्याचा कधी बंद नसतो.