जुन्या डब्ल्यू१२४ मर्सिडीजसाठी कोणते कूलंट योग्य?

प्रश्न — कृष्णाकाठ (सातारा)

माझ्या काकांकडून त्यांची १९९६ सालची मर्सिडीज ई२२० आता माझ्याकडे आली आहे. पिंपरीला टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात जुळणी झालेल्या पहिल्या पिढीतील, म्हणजे डब्ल्यू१२४ प्रकारातील ही पेट्रोल गाडी आहे. गाडी कित्येक वर्षे फारशी चाललेली नाही, आणि शेवटचे कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) कधी व कोणते भरले याची नोंद कुठेही नाही. कूलंटच्या टाकीतील द्रव तपकिरी आणि गढूळ दिसतो. खंबाटकी चढताना तापमानाचा काटा १०० च्या आसपास जातो, उतारावर पुन्हा खाली येतो.

येथील दुकानात हिरवे, गुलाबी आणि निळे अशी तीन प्रकारची कूलंट मिळतात. दुकानदारांच्या मते जुन्या गाडीला हिरवे आणि नव्या गाडीला गुलाबी. आमच्या नेहमीच्या मेकॅनिकचे म्हणणे असे की, साताऱ्यात बर्फ पडत नसल्यामुळे साधे पाणीही चालते आणि थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावरच रेडिएटरकडे द्रव सोडणारी झडप) काढून टाकला की गाडी तापणारच नाही. मला हे दोन्ही सल्ले पटत नाहीत, पण त्यांना उत्तर देण्याइतके ज्ञान माझ्याकडे नाही. नेमके काय विकत घ्यावे आणि जुना द्रव कसा काढावा, हे कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर — लोखंडीपूल

रंगाचा विचार प्रथम बाजूला ठेवा. कूलंटचा रंग हा उत्पादकाने मिसळलेला निव्वळ रंग असतो. कोणत्या रसायनाला कोणता रंग द्यावा याचे सर्वांना बंधनकारक असे मानक नाही. दोन कंपन्यांच्या हिरव्या द्रवांत पूर्णपणे वेगळी रसायने असू शकतात, आणि एकच रसायन एकीकडे निळे तर दुसरीकडे निळसर हिरवे विकले जाते.

डब्यावर शोधायचा तो मर्सिडीजचा मान्यता क्रमांक ३२५.०. या मान्यतेचे सर्वांत परिचित कूलंट म्हणजे बीएएसएफचे ग्लायसँटिन जी४८. त्याचा पाया इथिलीन ग्लायकॉलचा असतो, आणि गंजरोधक म्हणून सिलिकेटसोबत सेंद्रिय आम्लांचे क्षार असतात. फॉस्फेट, नायट्राइट आणि अमाइन नसतात. बीएमडब्ल्यूने अनेक वर्षे वापरलेले निळे कूलंटही याच जातीचे असल्यामुळे, मर्सिडीजच्या दुकानात माल नसल्यास ते विचारून पाहायला हरकत नाही. मात्र डब्यावरील मान्यता स्वतः वाचून घ्या.

हीच जात का, याचे कारण तुमच्या इंजिनाच्या धातूंमध्ये आहे. या एम१११ इंजिनाचा ब्लॉक (खालचा मुख्य भाग) बिडाचा, हेड (वरचा भाग) अॅल्युमिनियमचे आणि रेडिएटरचा गाभाही अॅल्युमिनियमचा आहे. सिलिकेट अॅल्युमिनियमवर फार लवकर संरक्षक थर बसवते, पण ते हळूहळू खर्ची पडते. म्हणूनच या पिढीच्या गाड्यांत दर ३ वर्षांनी कूलंट बदलण्याची शिस्त होती. केवळ सेंद्रिय आम्लांवर चालणारी दीर्घायुषी कूलंट सावकाश काम करतात आणि जास्त काळ टिकतात, परंतु ती त्यांच्यासाठीच तयार केलेल्या इंजिनांत आणि गॅस्केटांसोबत वापरणे इष्ट. जपानी कूलंटमध्ये सहसा सिलिकेटऐवजी फॉस्फेट असते. तेही वाईट नाही, पण जड, म्हणजे क्षारयुक्त पाण्याशी गाठ पडली की फॉस्फेटचा साका बसतो, आणि युरोपीय उत्पादकांनी ते टाळण्याचे मुख्य कारण हेच आहे.

आता साध्या पाण्याविषयी. साताऱ्यात द्रव गोठणार नाही हे खरे, पण नुसत्या पाण्यात गंजरोधक नसतात, आणि तुमच्या टाकीतला तपकिरी रंग बहुधा ब्लॉकच्या बिडाला लागलेल्या गंजाचा आहे. शिवाय ५०:५० मिश्रण साध्या हवेच्या दाबालाही सुमारे १०७ ते १०८ अंशांना उकळते, आणि टाकीच्या झाकणाने दाब धरला की त्याहून बरेच वर. या गाडीचे झाकण १.४ बारचे असते व त्यावर १४० हा आकडा कोरलेला असतो. झाकणाचे रबर मेले असेल, तर महागातले महाग कूलंटही घाटात उकळेल. नवे झाकण आधी घ्या.

उत्तर — डिझेलवाला (नगर)

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे. पण माझ्या मते या गाडीचा खरा प्रश्न डब्याच्या निवडीपेक्षा आत साठलेल्या घाणीचा आहे. कूलंट ओतण्यापूर्वी टाकीतील थोडा द्रव काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवा. तळाशी तांबूस भुकटी बसली तर तो गंज. वर तेलाचा तवंग आला किंवा द्रव दुधासारखा व चिकट दिसला, तर हेड गॅस्केटची (हेड आणि ब्लॉक यांच्यामधील सील), आणि गाडी ऑटोमॅटिक असल्यास रेडिएटरमधल्या गिअर-तेलाच्या कूलरचीही तपासणी करून घ्या. तेल आढळल्यास कूलंटची खरेदी तिथेच थांबवा.

गंजच असेल तर रेडिएटरच्या तळाची आणि ब्लॉकच्या बाजूची, अशा दोन्ही चाव्या उघडून द्रव काढा. बहुतेक ठिकाणी फक्त रेडिएटर रिकामा केला जातो आणि ब्लॉकमधील जुना द्रव तसाच राहतो. हीटरची कळ पूर्ण गरमवर ठेवा, अन्यथा हीटरच्या गाभ्यातून पाणी फिरणार नाही. साफसफाईला सायट्रिक आम्लाचे द्रावण पुरेसे असते. त्यानंतर मात्र साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन शेवटी डिस्टिल्ड पाणी फिरवावे, कारण मागे राहिलेले आम्ल नव्या कूलंटचे गंजरोधक खाऊन टाकते. धुण्याचा सोडा किंवा कॉस्टिक यांना हात लावू नका, ते अॅल्युमिनियम खातात. गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. काकांच्या काळात कोणी तसे केले असेल, तर हीटरचा गाभा आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबलेल्या असण्याची शक्यता धरून चला.

थर्मोस्टॅट काढणे हा उपाय नव्हे. तो काढल्यास इंजिन नेहमीच्या तापमानाला पोहोचायला फार वेळ लागतो, पेट्रोल जास्त जळते आणि झीज वाढते. तुंबलेला रेडिएटर मात्र तुंबलेलाच राहतो. नवा थर्मोस्टॅट बसवा आणि पंख्याचा क्लचही तपासा. घाटात काटा १०० पर्यंत जाऊन उतारावर परत येणे हे या गाड्यांत एरवी घाबरण्यासारखे लक्षण नाही, पण तुमच्या टाकीचे वर्णन वाचून मी ते दुर्लक्षिणार नाही.

कृष्णाकाठ

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. बाटलीत तळाशी तांबूस गाळ बसला, तेल दिसले नाही. एक शंका उरते: तयार मिश्रण घ्यावे की कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेले कूलंट)? आमच्याकडे बोअरचे पाणी आहे, त्यावर घरगुती फिल्टरही आहे. ते चालेल का?

उत्तर — लोखंडीपूल

कॉन्सन्ट्रेटच घ्या. धुतल्यानंतर ब्लॉकच्या आणि हीटरच्या कोपऱ्यांत बरेच पाणी राहते, त्यावर तयार मिश्रण ओतले की ते आपोआप पातळ होते. एकूण क्षमता गाडीच्या पुस्तिकेत पाहा. समजा ती ९ लिटर असेल, तर आधी मोजून ४.५ लिटर कॉन्सन्ट्रेट भरावे आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरावी. असे केल्यास आत किती पाणी राहिले होते हा हिशेबच करावा लागत नाही. कॉन्सन्ट्रेटचे प्रमाण ५५ टक्क्यांच्या वर नेऊ नका, कारण ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेते.

बोअरचे पाणी नको. दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असते, आणि घरगुती फिल्टरने ते नक्की किती कमी झाले हे आपण मोजत नाही. पेट्रोल पंपावर मिळणारे बॅटरीचे डिस्टिल्ड पाणी स्वस्त आहे. एवढ्या मोठ्या कामात त्यात काटकसर करू नये.

भरल्यावर टाकीचे झाकण उघडे ठेवून इंजिन चालू करा, हीटर गरमवरच ठेवा आणि थर्मोस्टॅट उघडून वरचा होज गरम होईपर्यंत पातळी राखत राहा, म्हणजे अडकलेली हवा निघून जाईल. त्यानंतर इंजिन गरम असताना झाकण कदापि उघडू नका.

उत्तर — डिझेलवाला (नगर)

एक गोष्ट जोडतो. काढलेले जुने कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. कुत्री-मांजरे ते चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून, वापरलेले तेल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये ते घेतात का, हे काम सुरू करण्यापूर्वीच विचारून ठेवा.