बोअरला डिझेलचा वास, पण लॅब रिपोर्ट क्लीन??

प्लँटवाला_७७: एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, जनरेटरची जमिनीखालची डिझेल टाकी जुनी झालीय, आता आवारातल्या बोअरचं पाणी बादलीत काढलं की वर रंगीत तवंग दिसतो. पण लॅबला पाठवलं तर काहीच नाही निघालं, असं कसं?

भूजलवेडा: बाटली प्लॅस्टिकची होती ना? काचेची तपकिरी लागते, काठोकाठ भरून बर्फात ठेवून पाठवायची. आणि टेस्ट कुठली सांगितली? साध्या पिण्याच्या पाण्याच्या टेस्टमध्ये हे दिसणारच नाही, टीपीएच (पाण्यातल्या एकूण पेट्रोलियम तेलांची टेस्ट) मागा. दुसरं म्हणजे डिझेल पाण्यापेक्षा हलकं, घनता 0.83-0.85 च्या आसपास, ते वर तरंगतं आणि तुमचा पंप खोलवर खालचं पाणी ओढतोय.

कातळखोद्या: +1. वेगळे मॉनिटरिंग बोअर (फक्त तपासणीसाठीचे) घ्या, जाळीचा पाइप मे महिन्यातल्या पातळीच्या खालपासून पावसाळ्यातल्या पातळीच्या वरपर्यंत हवा, नाहीतर तवंग आत येतच नाही. थर किती जाड आहे ते इंटरफेस मीटरने (तेल कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं ते दाखवणारं यंत्र) बघा. आपल्या काळ्या दगडात पाणी भेगांतून पळतं, त्यामुळे एक बोअर स्वच्छ आणि दहा मीटरवरचा घाण असं होतं, टाकीच्या उताराकडे एकच बोअर मारून खूश होऊ नका.

प्लँटवाला_७७: बाटली कोल्ड्रिंकची होती 😅

भूजलवेडा: मग झालंच! ते पाणी कुणी पीत नाही ना? आयएस 10500 मध्ये (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) मिनरल ऑइलची, म्हणजे खनिज तेलाची मर्यादा लिटरला फक्त 0.5 मिलिग्रॅम आहे. आधी टाकी रिकामी करून लीक टेस्ट करा, गळती चालू असताना नुसतं मोजून काय उपयोग.