दीर्घ आजारपणात देवापाशी तक्रार करणे हा अविश्वास आहे का?

प्रश्न : एक सभासद, अहिल्यानगर

सर्वांना सलाम. माझी पत्नी काही वर्षांपासून डायलिसिसवर आहे. दिवसभरात किती पाणी प्यायचे हे डॉक्टरांनी ठरवून दिले असल्यामुळे मी सकाळीच ते मोजून एका तांब्यात भरून ठेवतो, आणि उन्हाळ्यात दुपारीच तांब्या तळाला गेला की तिची तगमग पाहवत नाही. आमच्या घरी प्रार्थनेसाठी आलेल्या एका ज्येष्ठ बंधूंनी मध्यंतरी तिच्यादेखत सांगितले की, विश्वास पुरेसा असता तर एव्हाना आरोग्य मिळाले असते. मनात एखादे पाप लपलेले असेल तर ते कबूल करावे. तेव्हापासून तिने मोठ्याने प्रार्थना करणे सोडले आहे. "देवाला पुष्कळ विचारायचे आहे, पण ते पाप ठरणार असेल तर गप्प बसलेले बरे," असे ती म्हणते. दुःखात येशूच्या मागे चालणाऱ्याने तक्रार करू नये, अशी खरोखरच पवित्र शास्त्राची शिकवण आहे का?

उत्तर : सेवानिवृत्त पाळक (ख्रिस्ती धर्मगुरू), पुणे

प्रिय बंधू, नाही. तुमच्या पत्नीला जे ऐकावे लागले ते बायबलमधील ईयोबाच्या, म्हणजे सर्वस्व आणि आरोग्य गमावलेल्या नीतिमान माणसाच्या, मित्रांचे बोलणे आहे, आणि त्याच्या नावाच्या पुस्तकाच्या शेवटी देवाचा कोप भडकतो तो तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर देवाची बाजू घेतो असे समजून ईयोबाला दोषी ठरवणाऱ्या मित्रांवर. ते मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले होते. त्यांची खरी सेवा तेवढीच झाली.

विश्वास असला की आजार जातोच, हे म्हणणे प्रेषितांच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या पहिल्या प्रचारकांच्या, पत्रांपुढे टिकत नाही. प्रेषित पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेत शहरात आजारी अवस्थेत मागे ठेवले, आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी व वारंवार होणाऱ्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, आणि स्वतःच्या देहातील काटा, म्हणजे सतत सलणारी पीडा, निघावा म्हणून त्याने तीन वेळा केलेली विनंती मान्य झाली नाही. या तिघांच्या विश्वासाबद्दल शंका घेण्याचे धाडस कोण करील? जन्मांधाविषयी शिष्यांनी "पाप कोणी केले?" असे विचारले तेव्हा येशूने, ना याने ना याच्या आईबापांनी, असे स्पष्ट उत्तर दिले.

तुम्ही दोघांनी मिळून बायबलमधील 88वे स्तोत्र मोठ्याने वाचावे. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात; हे वळत नाही, ते अंधारातच संपते. तरीही लिहिणारा सुरुवातीलाच देवाला आपल्या तारणाचा देव म्हणतो आणि रात्रंदिवस त्याच्याचपुढे आक्रोश करतो. देवाकडे पाठ फिरवणे निराळे आणि त्याच्यापुढे बसून त्याला जाब विचारणे निराळे.

उत्तर : एक वाचक, सोलापूर

पाळकसाहेबांशी सहमत आहे. एक भेद मात्र जोडावासा वाटतो. आपल्याकडे प्रत्येक दुखण्याला "वधस्तंभ" म्हणण्याची सवय आहे. लूकच्या शुभवर्तमानात येशू दररोज वधस्तंभ उचलायला सांगतो तो त्याच्या मागे येऊ इच्छिणाऱ्यांना, आणि पेत्राच्या पहिल्या पत्रातील दुःख हे मुख्यतः ख्रिस्ताच्या नावामुळे सोसावे लागणारे दुःख आहे. मूत्रपिंड निकामी होणे कोणी निवडत नाही, म्हणून ते आनंदाने मिरवण्याची सक्तीही कोणावर करू नये. त्या न निवडलेल्या दुःखात प्रीती आणि प्रार्थना धरून ठेवणे, यात शिष्यत्व आहे.

पंडिता रमाबाईंचे आयुष्य मला या संदर्भात नेहमी आठवते. दुष्काळातील भटकंतीत आईवडील आणि बहीण गेली, 1880 साली भाऊ गेला, 1882 साली पती गेले, आणि पदरात तान्ही मनोरमा. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण त्यामुळे दुःख थांबले असे नाही. 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातील उपाशी मुलींना आणण्यासाठी त्या स्वतः गेल्या. भूक म्हणजे काय हे त्यांनी अंगावर काढलेले होते, आणि केडगावचे मुक्तिसदन हे त्यांचे आश्रयगृह त्या मुलींनी भरले. पुढे जिच्यावर काम सोपवायचे ती मनोरमाच जुलै 1921 मध्ये गेली. रमाबाई स्वतः 5 एप्रिल 1922 रोजी निवर्तल्या. मूळ हिब्रू व ग्रीकमधून त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या पश्चात, 1924 साली प्रसिद्ध झाले. या बाईंचा विश्वास कमी होता असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

उत्तर : परिचारिका, मिरज

दादा, मी डायलिसिस विभागात काम करते, म्हणून थोडे व्यवहाराचे सांगते. वहिनींना आरोग्याची साक्ष, म्हणजे प्रार्थनेने बरे झाल्याची जाहीर ग्वाही, द्यायला कोणीही भाग पाडू नये, आणि कोणाच्याही सांगण्यावरून उपचार, पथ्य किंवा पाण्याचे माप मोडू नये. अटकेच्या आदल्या घटकेला गेथशेमाने बागेत प्रभू येशूने स्वतः "हा प्याला माझ्यापासून दूर कर" अशी विनवणी केली आणि मित्रांना जागे राहायला सांगितले; सोबत मागण्यात कमीपणा नाही. तुमच्या पाळकांना घरी प्रभुभोजन (भाकर व द्राक्षारसाचा विधी) देण्याची विनंती करा. याकोबाच्या पत्राप्रमाणे मंडळीच्या (चर्चच्या) वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना तेल लावून प्रार्थना करायला बोलवा, पण ते बंधू यायचे असतील तर आधी पाळकांनी त्यांच्याशी बोलावे. डायलिसिसच्या दिवशी मंडळीतील एकेका कुटुंबाने पाळीपाळीने केंद्रावर येऊन बसावे, कारण ते चार तास रुग्णाला फार एकटे वाटते आणि घरच्या माणसाला जेवायलाही उठता येत नाही. ही यादी पाळकांनीच करावी, तुम्ही नव्हे. तुमच्यावर आधीच पुष्कळ आहे.