टपाली मतदान सरसकट सगळ्यांना खुले करा, या मागणीला माझा विरोध का आहे

निवृत्त_केंद्राध्यक्ष

गेल्या आठवड्यात एका सदस्याने येथे लिहिले, "अमेरिकेत मतपत्रिका घरी येते, ती भरून पाकिटात घातली की काम झाले. आपल्याकडे मात्र ही सोय सरकारी नोकरांपुरती राखून ठेवली आहे आणि सामान्य माणसाला उन्हात रांगेत उभे केले जाते." त्या लेखनाला मिळालेले अनुमोदन वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, ही सोय सरकारी नोकरांपुरती नाही. सैन्यातील आणि निमलष्करी दलांतील सेवा मतदार, निवडणूक कर्तव्यावरील कर्मचारी, प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतील व्यक्ती, निवडणूक आयोगाने अधिसूचित केलेल्या अत्यावश्यक सेवांतील कर्मचारी, ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेले मतदार आणि ८५ वर्षांवरील ज्येष्ठ, हे सगळे टपाली मतपत्रिकेवर मत देऊ शकतात. ज्येष्ठांसाठीची वयोमर्यादा आधी ८० होती, ती मार्च २०२४ मध्ये वाढवली गेली. गृहमतदानासाठी निवडणुकीच्या अधिसूचनेपासून पाच दिवसांच्या आत नमुना १२-ड भरून द्यावा लागतो. तो मंजूर झाला की मतदार यादीत नावापुढे तशी खूण होते आणि मग मतदान केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. आजोबांचा अर्ज भरून मतदानाच्या दिवशी त्यांना रिक्षाने केंद्रावर आणणारी आणि मतदान पथकाशी भांडणारी कुटुंबे मी पाहिली आहेत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. टपाली मतदानात खरी परीक्षा शिक्का मारण्याची नसते, ती पाकिटांची असते. मतपत्रिका लहान पाकिटात जाते, त्यावर तिचा अनुक्रमांक लिहावा लागतो. सोबत नमुना १३-अ मधील घोषणापत्र असते, त्यावर मतदाराची सही आणि राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन लागते. ही दोन्ही मोठ्या पाकिटात जातात. घोषणापत्रावर सही नसेल, साक्षांकन नसेल किंवा अनुक्रमांक जुळत नसेल, तर आतले पाकीट उघडलेच जात नाही. मत कोणाला दिले होते, हे कोणालाही कळत नाही आणि मतदारालाही आपले मत बाद झाल्याचा पत्ता लागत नाही.

मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघाचा २०२४ चा निकाल आठवून पाहा. यंत्रांवरील मतांत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतांत रवींद्र वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१ मते मिळाली आणि वायकर ४८ मतांनी निवडून आले. बाद टपाली मतपत्रिका १११ होत्या. विजयाचे अंतर बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल, तर त्या सर्व मतपत्रिका पुन्हा तपासण्याचा आयोगाचा निर्देश आहे आणि त्याप्रमाणे तपासणी झाली. पुढे उच्च न्यायालयाने कीर्तिकरांची याचिकाही फेटाळली. मी कोणावर आरोप करत नाही. एवढेच म्हणतो की, कायदा शिकवून प्रशिक्षण दिलेल्या कर्मचाऱ्यांची मते जर अशी बाद होत असतील, तर कोट्यवधी लोकांच्या हाती हीच पाकिटे देऊन काय होईल?

आणि गुप्ततेचे काय? २०२३ मध्ये नियम बदलले आणि निवडणूक कर्तव्यावरील कर्मचाऱ्याने सुविधा केंद्रातच, म्हणजे त्यासाठी उभारलेल्या मतदान कक्षातच, मत नोंदवून ते तेथेच परत देणे बंधनकारक झाले. त्याआधी मतपत्रिका घरी नेता येत असे. शिक्षकांच्या खोलीत टेबलावर पाकिटे पडलेली आहेत आणि एका स्थानिक पुढाऱ्याचा माणूस "गुरुजी, साक्षांकनाची सही आम्ही आणून देतो, तुम्ही फक्त पाकीट द्या" असे सांगत हिंडत आहे, हे दृश्य मी स्वतः पाहिले आहे. शिकलेल्या, पगारदार माणसांची ही गत होती. आधी आहे ती पद्धत सुधारा, मग विस्ताराचे बोला.

---

बालाघाट

सर, तुमची माहिती बिनचूक आहे. निष्कर्ष मात्र घरापासून मतदान केंद्र हाकेच्या अंतरावर असलेल्या माणसाचा आहे.

२०२४ च्या विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते आणि त्या वर्षीचा साखर कारखान्यांचा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला. बीड जिल्ह्यातील केज, धारूर, वडवणी, पाटोदा या तालुक्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या तेव्हा कुठे असतात, हे मी वेगळे सांगायला नको. मी ज्या गावात शिकवते, तेथे दिवाळीनंतर वर्गातली निम्मी बाके रिकामी होतात आणि गावात म्हातारी माणसे व कुलूप लावलेली घरे उरतात. या लोकांनी मत द्यायचे कसे? उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली आहे, फड सोडून गेले तर खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, लागतो आणि जाण्यायेण्याचा खर्च पदरचा. सैनिक कर्तव्यावर आहे म्हणून त्याला टपाली मत मिळते आणि ते योग्यच आहे. पण माझ्या विद्यार्थ्याची आई कोल्हापूरच्या फडात पहाटे चारपासून मोळ्या बांधत असेल, तर तिची गैरहजेरी कायद्याला दिसत का नाही?

---

आखाती_मुक्काम

बालाघाट ताईंच्या मुद्द्याला जोडून माझाही विचार व्हावा. मी भारतीय नागरिक आहे आणि माझ्याकडे भारताचेच पारपत्र (पासपोर्ट) आहे. २०११ पासून आम्हाला नमुना ६-अ भरून नाव नोंदवता येते, परंतु मत द्यायला मूळ पारपत्र घेऊन स्वतः गावच्या केंद्रावर हजर राहावे लागते. २०२४ च्या लोकसभेला अशा नोंदणीकृत मतदारांची संख्या सुमारे १ लाख १९ हजार होती आणि त्यांतील जेमतेम तीन हजारांनी मत दिले, तेही बहुतेक केरळमध्ये. प्रतिनिधीमार्फत मतदानाचे विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत संमत झाले आणि पुढे व्यपगत झाले. आयोगाने २०२० मध्ये सैनिकांसारखी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवलेली टपाली मतपत्रिका आम्हालाही देण्याचा प्रस्ताव सरकारकडे दिला. त्यानंतर आम्ही वाटच पाहत आहोत.

---

गावठाण

चर्चा ऊसतोड कामगारांची चालली होती, त्यात हे कुठून आले? जे देश सोडून गेले, येथे कर भरत नाहीत आणि येथील रस्त्यांचे खड्डे ज्यांना चुकवावे लागत नाहीत, त्यांनी येथील आमदार ठरवू नये.

---

आखाती_मुक्काम

गावठाण, मी देश सोडलेला नाही, मी कामासाठी बाहेर आहे. माझे आईवडील रत्नागिरी जिल्ह्यात त्याच खड्ड्यांतून दवाखान्यात जातात आणि त्यांच्या औषधांचा खर्च माझ्या पगारातून होतो. कराचा निकष लावायचाच असेल, तर प्राप्तिकर न भरणाऱ्या ऊसतोड मजुराचे मतही काढून घ्या, म्हणजे तुमचा न्याय पुरा होईल. आखातात राहून सहसा कोणाला तेथील नागरिकत्व मिळत नाही. आम्ही परत येणारच आहोत. आम्हाला परके ठरवणारी ही भाषा मला सहन होत नाही आणि मी ती ऐकून घेणार नाही.

---

फिलाडेल्फियाकर

मी मात्र अमेरिकेचा नागरिक आहे, त्यामुळे भारतातील मतावर माझा हक्क नाही आणि मी तो मागतही नाही. धाग्याची सुरुवात अमेरिकेच्या उदाहरणाने झाली म्हणून लिहितो. अमेरिकेत एकच पद्धत नाही, प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. ओरेगॉनमध्ये दोन दशकांहून अधिक काळ सर्वांना मतपत्रिका टपालाने जाते. आमच्या पेनसिल्व्हेनियात कारण न देता टपालाने मत देण्याची मुभा २०१९ च्या कायद्याने मिळाली. येथेही दोन पाकिटे असतात. मतपत्रिका आधी गुप्ततेच्या पाकिटात घालायची, ते बाहेरच्या पाकिटात घालायचे, त्यावरील घोषणेवर सही करून तारीख लिहायची आणि मतदानाच्या दिवशी रात्री आठच्या आत ते जिल्हा निवडणूक कार्यालयात पोहोचलेले असायला हवे. आतले पाकीट वगळले तर मत बाद होते, आणि तारखेच्या चुकीवरून वर्षानुवर्षे न्यायालयांत वाद चालले आहेत.

तेव्हा केंद्राध्यक्ष साहेबांची पाकिटांबद्दलची भीती खरी आहे, हे मला मान्य करावेच लागेल. पण त्या भीतीने येथे कोणी टपाली मतदान बंद केले नाही. शिवाय राजपत्रित अधिकारी शोधत फिरण्याची अट येथे नाही, मतदाराची स्वतःची सही पुरते. भारतात ही अट का टिकून आहे, याचे उत्तर त्यांनी द्यावे.

---

साताऱ्याची_सून

माझे यजमान सैन्यात आहेत, म्हणून दोन शब्द. टपाली मतपत्रिका पूर्वी सीमेवर पोहोचेपर्यंत निकाल लागलेला असे. २०१६ नंतर ती संगणकावरून उतरवून घेता येऊ लागली, तरी परतीचा प्रवास टपालानेच होतो आणि मतमोजणीच्या दिवशी सकाळी आठच्या आत ती निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचली नाही, तर मोजली जात नाही. सैनिकाला दुसरा मार्गही आहे. तो गावातल्या एखाद्या विश्वासू माणसाला प्रतिनिधी नेमू शकतो. आमच्याकडे सासरे दोन मते देतात, स्वतःच्या मताची शाई तर्जनीला आणि मुलाच्या मताची शाई डाव्या हाताच्या मधल्या बोटाला. २००३ पासून ही व्यवस्था आहे आणि गावात त्यावरून कधी तंटा झाल्याचे मला ठाऊक नाही. ज्यांना टपालावर विश्वास नाही, त्यांनी या पर्यायाचा विचार का करू नये?

---

निवृत्त_केंद्राध्यक्ष

ताई, सासऱ्यांनी मुलाच्या वतीने मत देणे आणि मुकादमाने, म्हणजे टोळीच्या कंत्राटदाराने, टोळीच्या वतीने मत देणे यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. ऊसतोडीला प्रतिनिधीची व्यवस्था दिली, तर पहिल्याच निवडणुकीत सगळे प्रतिनिधी मुकादमाच्या घरातले निघतील.

बालाघाट यांना माझा प्रश्न आहे. मतपत्रिका फडातल्या कोपीपर्यंत (झोपडीपर्यंत) पोहोचली, तर ती भरताना बाईच्या शेजारी कोण बसलेले असेल? ज्याने उचल दिली, तो मुकादम. तो कोणाचा? कारखान्याचा. आणि कारखान्याचा अध्यक्ष किती वेळा स्वतःच उमेदवार असतो, हे आपण दोघेही जाणतो. मतदान केंद्रात पुठ्ठ्याच्या आडोशामागे ती बाई क्षणभर का होईना, एकटी असते. तो क्षण मी टपालाच्या सोयीसाठी गमावू देणार नाही.

फिलाडेल्फियाकर यांचे साक्षांकनाबद्दलचे म्हणणे मला पटते. ती अट घरी नेलेल्या मतपत्रिकेसाठी होती आणि मत अधिकाऱ्यांसमोरच नोंदवले जात असेल, तर वेगळा अधिकारी शोधत फिरण्याची वेळ मतदारावर येऊ नये.

---

बालाघाट

मुकादमाची सत्ता मला तुम्ही शिकवू नका. आजही उमेदवार मुकादमालाच गाठतात आणि तोच टोळ्या टेम्पोत भरून मतदानाला आणतो. कोणाला आणायचे आणि कोणाला फडातच ठेवायचे, हे तोच ठरवतो. म्हणजे तुमच्या पवित्र आडोशापर्यंत पोहोचण्याचा रस्ताही त्याच्याच हातात आहे. ज्या बाईला तेथवर आणलेच जात नाही, तिची गुप्तता तुम्ही कोणापासून जपता आहात?

आणि घरी मतपत्रिका पाठवा, असे मी म्हटलेलेच नाही. निवडणूक कर्मचाऱ्यांना सुविधा केंद्र मिळते, ८५ वर्षांच्या आजोबांच्या घरी मतदान अधिकारी, सूक्ष्म निरीक्षक, पोलीस आणि चित्रीकरण करणारा असे पथक जाते. तसेच केंद्र ऊसतोडीच्या भागात उभे करा.

---

निवृत्त_केंद्राध्यक्ष

मत जर अधिकाऱ्यांसमोर, आडोशात आणि तेथेच पेटीत पडणार असेल, तर माझा आक्षेप उरत नाही. मात्र ते केंद्र कारखान्याच्या आवारात असता कामा नये, तहसील कार्यालयात असावे. माझा मूळ विरोध घरोघरी पाकिटे वाटण्याला होता आणि तो कायम आहे. आखाती_मुक्काम यांच्यासाठीही दूतावासात असेच केंद्र असावे, एवढे मी मानायला तयार आहे, त्यापलीकडे नाही.

---

बालाघाट

एवढे मान्य केलेत, तर आणखी दोन गोष्टी मान्य करा, नाहीतर ते केंद्र रिकामे राहील. नमुना १२-ड ची पाच दिवसांची मुदत अधिसूचनेनंतर सुरू होते. २०२४ मध्ये अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली आणि त्यानंतरच्या पाच दिवसांत गावोगावी दिवाळीची आणि निघण्याची गडबड होती. टोळ्या निघण्यापूर्वी, दसऱ्यापासूनच बीएलओने (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने) गावात हे अर्ज भरून घ्यावेत. दुसरे म्हणजे, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-ब ची पगारी सुट्टी मतदानाच्या दिवसाची आहे, आणि टनावर मजुरी घेणाऱ्या कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीच्या जोडप्याला, ती प्रत्यक्षात मिळत नाही. तहसील कार्यालयापर्यंत जायचे तर एक दिवस मोडणार. त्या दिवसाचा खाडा जोडप्याच्या हिशेबात लावला जाणार नाही, हे कारखान्याकडून लेखी घेतले पाहिजे.