अण्णांना शब्द सापडत नाहीत, आरती मात्र सबंध म्हणतात

गणपतीत अण्णांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आता उचलतात, पण बोलणं अडलंय. काल पाण्याऐवजी ‘खिडकी’ म्हणाले, चूक कळली आणि रडायलाच लागले. संध्याकाळी आरती मात्र अख्खी म्हटली! हे कसं?

उत्तर :
याला अफेजिया म्हणतात. समज शाबूत असू शकते, शब्द हाती लागत नाहीत. बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते, उजवा हातही तीच बाजू हलवते; म्हणून दोन्ही एकदम अडलं असावं. पाठ आरत्या, आकडे, वार मात्र बरेचदा शिल्लक राहतात. आमच्या आईला स्पीच थेरपिस्टनी ‘च-हा ह-वा’ चालीत म्हणायला लावलं, डाव्या हातानं मांडीवर ताल देत. रोज, कंटाळा येईस्तोवर.

उत्तर :
मुंबईत असाल तर वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत (बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची सरकारी संस्था) चौकशी करा. उशीर नको, पण वर्ष उलटलं तरी सुधारणा होते.

उत्तर :
शब्द तोंडात घालू नका हो. टीव्ही बंद करा, समोर बसा, थांबा. ‘काय हवं?’ऐवजी ‘चहा की दूध?’ विचारा, कप दाखवून.

मूळ प्रश्नकर्ती :
आज कप दाखवला. अण्णा बराच वेळ ओठ हलवत राहिले. मी गप्प बसले. मग म्हणाले, ‘च्या’.