आनापान (श्वासाकडे लक्ष ठेवायचं ध्यान) घरी करायचंय, सुरुवात कशी करू?

प्रश्न: नमस्कार मंडळी, इगतपुरीच्या १० दिवसांच्या विपश्यना शिबिराला जायची खूप इच्छा आहे पण मुलगी लहान आहे त्यामुळे एवढ्यात शक्य नाही. तोवर घरी काय करता येईल? डोळे मिटले की उद्याचा डबा, ऑफिसचे मेल सगळं एकदम डोक्यात सुरू होतं.

उत्तर १: ताई, विचार येणारच, ते थांबवायला जाऊच नका. नाकपुड्यांच्या तोंडाशी आणि वरच्या ओठाच्या वर श्वास कुठे लागतोय तेवढं बघत बसायचं, लांब असेल तर लांब आखूड असेल तर आखूड, प्राणायामासारखा मुद्दाम ओढायचा नाही आणि मन भरकटलंय हे कळलं की चिडचिड न करता परत श्वासावर यायचं. मोजायचं नाही, मंत्र नाही. शिबिरातही पहिले तीन दिवस हेच असतं, विपश्यना, म्हणजे अंगभरच्या संवेदना बघणं, चौथ्या दिवशी. सुरुवातीला १० मिनिटं पुष्कळ झाली.

उत्तर २: मांडी घालून जमत नसेल तर खुर्ची चालते, पाठ ताठ ठेवा. मुंबईत असाल तर गोराईच्या विपश्यना पॅगोडाला एकदा नक्की जाऊन या.

उत्तर ३: बसण्यापुरतंच ठेवू नका हो. सतिपट्ठान सुत्तात (बुद्धांचा जागरूकतेवरचा उपदेश) चालताना, खाताना, कपडे घालतानासुद्धा जागरूक राहायला सांगितलंय. मी भांडी घासताना मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवते, मग पाण्याचा गारवा, घासणीचा खरखरीतपणा नीट जाणवतो, मला हे बसण्यापेक्षा सोपं गेलं. फक्त खूप घाबरल्यासारखं होत असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.