गिरणीत दिवसभर मास्क लावताना होणारा त्रास कसा कमी करावा?

गिरणीवाली :
नमस्कार. सांगली जिल्ह्यात आमची पिठाची गिरणी असून तिला लागूनच मिरची कांडपाचे यंत्र आहे. मार्चपासून मेअखेरपर्यंत बेडगी, संकेश्वरी आणि लवंगी मिरची येत राहते आणि त्या दिवसांत मी सकाळी ८ पासून अंधार पडेपर्यंत कांडपाजवळ उभी असते. पूर्वी नाकातोंडाभोवती ओढणी गुंडाळून भागवत होते. परंतु गेल्या हंगामात रात्रीचा खोकला थांबेना, तेव्हा डॉक्टरांनी दम्याची सुरुवात असल्याचे सांगून कामाच्या वेळी एन-९५ मास्क लावण्याची सक्त सूचना दिली. मास्कमुळे खोकल्याला उतार पडला, पण तो तासाभराहून अधिक वेळ सहन होत नाही. घामाने आतली बाजू भिजते, चष्म्यावर वाफ धरून वजनकाट्यावरचा आकडा दिसेनासा होतो, कानांमागे दोऱ्यांचे लाल वळ उठले आहेत आणि नाकाच्या हाडावरची कातडी सोलवटली आहे. मग हात आपोआप जातो आणि मास्क हनुवटीवर येतो. आतून मऊ सुती रुमालाची घडी ठेवली तर चालेल का? तसेच हा मास्क धुऊन वापरता येईल का?

औषधवाला :
ताई, दोन्ही गोष्टी कृपया करू नका. या मास्कच्या मधल्या थरात पॉलिप्रोपिलीनचे अतिशय बारीक तंतू असतात आणि त्यांवर स्थिर विद्युतभार दिलेला असतो. ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे, म्हणजे अडवायला सर्वांत अवघड असलेले कणही किमान ९५ टक्के अडतात, ते बऱ्याच अंशी या भारामुळे. साबणाने किंवा स्पिरिटने धुतल्यास तो उतरतो. मास्क दिसायला धडधाकट राहतो, परंतु त्याचे काम संपलेले असते. रुमालाची घडी कडेखाली आली की चेहरा आणि मास्क यांच्यामध्ये फट पडते, आणि हवा नेहमी सोप्या वाटेने जात असल्यामुळे मिरचीची पूड त्याच फटीतून आत शिरते.

कानांच्या त्रासासाठी दोऱ्या कानांत अडकवण्याऐवजी डोक्यामागून जाणाऱ्या दोन पट्ट्यांचा मास्क मागून घ्या. वरची पट्टी डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर आणि खालची कानांच्या खालून मानेवर बसली पाहिजे. अंबाडा दोन पट्ट्यांच्या मधोमध बांधला तर वरची पट्टी खाली घसरत नाही. घरात कानांच्या दोऱ्यांचेच मास्क शिल्लक असतील, तर जुन्या साडीच्या काठाची बोटभर रुंद पट्टी घेऊन तिच्या दोन्ही टोकांना मोठी बटणे शिवा, ती मानेमागे धरा आणि दोऱ्या बटणांना अडकवा. कानांवरचा ताण जातो आणि मास्कही चेहऱ्याला अधिक घट्ट बसतो. खरेदी करताना पाकिटावर आयएस ९४७३ हा भारतीय मानकाचा क्रमांक अवश्य पाहावा.

फौंड्रीतला चष्मेवाला :
मी कोल्हापुरात फौंड्रीच्या मोल्डिंग विभागात काम करतो आणि मलाही चष्मा आहे. चष्म्यावर वाफ धरणे म्हणजे नाकाजवळ मास्क गळत असल्याची खूण आहे. तेव्हा आधी काच न पुसता मास्क नीट बसवा. नाकावरची तार चिमटीने दाबली की मधोमध उंचवटा तयार होऊन दोन्ही बाजूंना फट राहते. त्याऐवजी दोन्ही हातांची बोटे मध्यावर ठेवून तार बाहेरच्या दिशेने दाबत न्यावी. मग मास्कवर दोन्ही तळवे धरून जोराने श्वास सोडावा. डोळ्यांना वारा लागला तर पुन्हा बसवावे. एवढे करूनही वाफ धरत असेल, तर काचा साबणाच्या पाण्याने धुऊन तशाच वाळू द्याव्यात.

घामासाठी झडपेचा मास्क वापरून पाहा, कारण उच्छ्वासाची गरम, दमट हवा झडपेतून थेट बाहेर पडते. मात्र ती हवा गाळलेली नसते. म्हणून २०२० च्या जुलैमध्ये केंद्रीय आरोग्य खात्याने करोनासाठी असे मास्क वापरू नयेत असे कळवले होते. धुळीपासून स्वतःला जपायचे असेल तर हरकत नाही, पण स्वतःला सर्दी-ताप असताना झडपेचा मास्क लावून गिऱ्हाइकांसमोर उभे राहू नये. मी स्वतः फिल्टर बदलता येणारा सिलिकॉनचा अर्धमुखी, म्हणजे फक्त नाकतोंड झाकणारा, मास्क वापरतो. सुरुवातीला तो महाग वाटतो, परंतु घामातही घसरत नाही आणि फिल्टर काढून त्याचा चेहऱ्यावरचा भाग धुता येतो.

कांडपवाली, सातारा :
दादांचा सिलिकॉनचा मास्क मी महिनाभर वापरला. श्वासाला उत्तम आहे, परंतु बोलणे समोरच्याला नीट ऐकू जात नाही, आणि आपल्या धंद्यात "पूड बारीक हवी की जाडसर" हे दिवसातून पन्नास वेळा विचारावे लागते. त्यामुळे मी घडीच्या, म्हणजे दुमडता येणाऱ्या एन-९५ मास्ककडे परतले.

मला खरा आराम पडला तो धूळ कमी केल्यावर. पूड जिथून बाहेर पडते, तिथे कापडाची लांब बाही बांधली, तिचे दुसरे टोक थेट डब्यात सोडले आणि पाठीमागच्या भिंतीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला. दर तासाला यंत्र बंद करून, उडालेली पूड खाली बसू देऊन, मी अंगणात जाते आणि तिथेच मास्क काढून तोंड पुसते. यंत्राशेजारी कधीही काढत नाही. दोन मास्क आलटून पालटून वापरते, आणि उतरवलेला मास्क कागदी पिशवीत ठेवते, कारण प्लास्टिकमध्ये ओल तशीच राहते. आत पूड दिसली किंवा श्वास ओढायला जड जाऊ लागला की तो टाकून देते. सोलवटलेल्या जागी व्हॅसलिन लावून लगेच मास्क चढवू नका, कडा घसरते. रात्री झोपताना लावा.

गिरणीवाली :
सर्वांचे मनापासून आभार. तार दोन्ही हातांनी दाबून पाहिली आणि काल पहिल्यांदाच दुपारपर्यंत काट्यावरचा आकडा स्वच्छ दिसला. काठाची पट्टीही शिवली. कानांमागचे वळ अजून दुखतात, पण नवे उठलेले नाहीत. साताऱ्याच्या ताई, बाहीसाठी कोणते कापड घेतले होते?

कांडपवाली, सातारा :
मांजरपाट, दोन पदरी. धुऊन, आटवून मगच शिवा, नाहीतर पहिल्या धुण्यात तोंडाशी आखूड पडते. आणि मास्क लावल्यावर धाप लागत असेल, तर ती कापडाची किंवा पट्टीची बाब नाही. तेवढे डॉक्टरांना दाखवून घ्या.